मराठी सहल आयोजकांना खुले पत्र: अंगकोरला आम्हाला थांबू द्या

सर्व मराठी सहल आयोजकांस आणि टूर मॅनेजर मंडळींस,

स. न. वि. वि.

मी कराडची. माध्यमिक शाळेत ३१ वर्षं इतिहास आणि मराठी शिकवून निवृत्त झाले. गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या नणंदेला घेऊन तुमच्यापैकीच एका कंपनीच्या ग्रुपमधून व्हिएतनाम-कंबोडियाची सहल केली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते एका कंपनीपुरतं नाही. परत आल्यावर मी आठ-दहा कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिका मागवून वाचल्या. त्या सगळ्यांत अंगकोरचा, म्हणजे कंबोडियातल्या जुन्या देवळांच्या नगरीचा, दिवस जवळपास सारखाच आखलेला होता. म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना लिहिते आहे.

आधी तुमचे आभार. आमच्या वन्संचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. त्यांना इंग्रजी येत नाही, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, मुलगा-सून पुण्याला नोकरीत. एकट्या बेळगावला जायचं म्हटलं तरी त्या कचरतात. पण तुमच्या भरवशावर त्या मुंबईहून विमानात बसल्या, बँकॉकला विमान बदललं, अंगकोरजवळच्या सिएम रीप शहरात उतरल्या, आणि त्यांची कुठेही आबाळ झाली नाही. टूर मॅनेजर तिशीतला मुलगा. त्यांना मावशी म्हणायचा, त्यांची बॅग उचलायचा, रात्री दारावर टकटक करून गोळ्या घेतल्यात का म्हणून विचारायचा. परमुलखात ३८ माणसांना वेळेवर गरम वरणभात खाऊ घालणं हे सोपं काम नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. तुमच्यासारखी माणसं नसती तर माझ्या वयाच्या निम्म्या बायकांनी समुद्र ओलांडला नसता.

आता तो दिवस सांगते.

पहाटे साडेचारला बस निघाली. अंगकोर वाट या तिथल्या मुख्य देवळाच्या आतल्या तळ्याकाठी शेकडो माणसं मोबाइल उंच धरून उभी होती. पाच शिखरांमागून सूर्य वर आला. ते दृश्य जन्मभर विसरणार नाही. मग ग्रुप फोटो, मग मोजणी, मग आम्ही देवळात शिरलो. पश्चिमेच्या ओवरीत आल्यावर, ‘हे महाभारत, ते पलीकडचं रामायण, पुढे चला.’ मला भिंतीवर शरपंजरी पडलेले भीष्म दिसले आणि मी थांबले, तर मागून कुणीतरी म्हणालं, ‘मॅडम, लाइन अडतेय.’ पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथनाची भिंत आहे. तिथे दहा मिनिटं मिळाली. आठ वाजता आम्ही बसमध्ये होतो, कारण हॉटेलचा नाश्ता दहाला बंद होतो. नाश्त्यानंतर एका रत्नांच्या दुकानात दीड तास. जेवण झाल्यावर भर उन्हात बायोन आणि ता प्रोम ही दोन देवळं, प्रत्येकी ४० मिनिटं. बान्ते स्राय कार्यक्रमातच नव्हतं. मी विचारलं तर उत्तर मिळालं, ‘काकू, तिथेही देऊळच आहे. लोक कंटाळतात.’

दुकानाला दीड तास आणि मंथनाच्या भिंतीला दहा मिनिटं. दुकानांमुळे सहलीचा दर खाली ठेवता येतो, हे आम्हाला कळत नाही असं समजू नका. पण मग आम्हाला विचारा. सव्वा लाख भरलेले आहेत, अजून थोडे भरू.

त्या दहा मिनिटांत जे झालं ते जास्त लागलं. अंगकोरला परवाना असलेला स्थानिक गाइड घ्यावा लागतो. आमच्याबरोबरही होता, साठीच्या आसपासचा, बारीक अंगाचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेला गृहस्थ. त्याने भिंतीकडे हात करून दोन वाक्यं बोलली असतील-नसतील, तोच आमच्या मॅनेजरने माइक घेतला आणि समुद्रमंथनाची गोष्ट मराठीत सांगायला सुरुवात केली. वासुकी, मंदार पर्वत, कूर्मावतार, चौदा रत्नं. छान सांगितली. पण ती आम्हा ३८ जणांना चौथीपासून पाठ आहे. ती ऐकायला आम्ही कंबोडियाला गेलो नव्हतो. शेवटी तो म्हणाला, ‘हे सगळं आपलंच आहे, आपल्याकडूनच इथे आलंय.’ टाळ्या पडल्या. मीही वाजवली. गाइड बाजूच्या खांबापाशी कंपनीचा झेंडा धरून उभा होता.

दुपारी बसमध्ये योगायोगाने मी त्याच्या शेजारी बसले. माझं इंग्रजी बेताचं, त्याचं उच्चाराने कळायला अवघड, पण दोन शिक्षकांचं जमावं तसं जमलं (तोही गाइड होण्याआधी शाळेत शिकवत होता). मी सहज विचारलं, तुमच्या भाषेत आज कोणता वार? मंगळवार होता. तो म्हणाला, ‘आंगकिआ.’ मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग त्याने बोटांवर सगळे वार मोजून दाखवले: आतित, चान, आंगकिआ, पुत, प्रहोआ, सोक, साव. आदित्य, चंद्र, अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र आणि शेवटचा शनिवार. आपल्याकडे अंगारक आता फक्त अंगारकी चतुर्थीपुरता उरला आहे. आपण मंगळवार म्हणतो. त्यांच्याकडे मासळी बाजारातली बाईसुद्धा दर आठवड्याला अंगारकाचं नाव घेते. अंगकोर हे नावही नगरपासून आलेलं, ‘नोकोर’. शाळेला ‘साला’, गुरूला ‘क्रू’. मी पुढचा तासभर वहीत लिहीत होते आणि बसमध्ये मागे अंताक्षरी चालली होती.

तेव्हाच ठरवलं की इथे पुन्हा यायचं. यंदा जानेवारीत आम्ही वाचनालयातल्या सहाजणी स्वतः सगळं ठरवून गेलो आणि त्याच गाइडला तीन दिवसांसाठी घेतलं. वन्सं येऊ शकल्या नाहीत. मॅनेजर नाही म्हटल्यावर त्यांच्या मुलाने परवानगी दिली नाही.

सूर्योदयानंतर तळ्यावरची गर्दी नाश्त्याला पांगली आणि आम्ही पूर्वेकडे गेलो. सात वाजले होते. कोवळं ऊन खांबांमधून थेट भिंतीवर पडत होतं. ओवरीत आम्ही सहाजणी, गाइड आणि एक झाडूवाली, बस्स. ती भिंत सुमारे ४९ मीटर लांब आहे. एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव, मध्ये विष्णू. मे महिन्यात मी एवढंच पाहिलं होतं. आता दीड तास होता. असुरांचे डोळे वटारलेले, गोल. देवांचे लांबट, शांत. सगळ्यांचे पाय एका तालात रोवलेले. वरच्या अंगाला फेसातून अप्सरा उसळताहेत. आणि खाली, जिथे आमचं लक्ष कधीच गेलं नसतं तिथे, गाइडने बोट दाखवलं. भिंतीच्या टोकांशी मासे आणि मगरी धडधाकट पोहताहेत. मध्याकडे, फिरत्या मंदाराजवळ जाल तसतसे ते पाण्याच्या ओढीने फाटलेले, मधोमध चिरलेले दिसतात. अर्धा मासा इकडे, अर्धा तिकडे. कोण्या कारागिराने देवांच्या कामाची किंमत माशांच्या बाजूने विचारात घेतली होती. मी मंथन वर्गात किती वेळा शिकवलं असेल, पण समुद्रात राहणाऱ्या जिवांचं त्या दिवशी काय झालं हा प्रश्न मला कधी पडला नाही.

मग तो म्हणाला, आमच्याकडे एप्रिलमध्ये नवं वर्ष लागतं, तेव्हा गावोगाव दोर खेचण्याचा खेळ होतो, आणि ही भिंत बघितली की मला आमच्या गावचा तो दोर आठवतो. पाऊस चांगला पडावा, भात पिकावा म्हणून खेळतात. २०१५ साली युनेस्कोच्या वारसा-परंपरांच्या यादीत हा खेळ गेला आहे. आम्हाला जी पोथीतली गोष्ट, ती त्याच्या हाताला दोराचे वळ उठवणारी गोष्ट होती. मे महिन्यात त्याच्या हातात माइक राहिला असता तर हे ३८ जणांना कळलं असतं.

‘हे आपलंच’ या वाक्याबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तुमचे बहुतेक मॅनेजर ते म्हणतात आणि प्रेमानेच म्हणतात. कथा आपल्याकडून गेल्या, संस्कृत गेली, त्यांची लिपीसुद्धा दक्षिणेतल्या पल्लव लिपीवरून घडली. हे खरं आहे आणि ऐकताना ऊर भरून येतो. पण देऊळ बांधलं ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्याच लोकांनी. त्यांचा राजा दुसरा सूर्यवर्मा याने, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या जन्माच्या सव्वाशे-दीडशे वर्षं आधी. कुलेनच्या डोंगरातला वालुकाश्म कालव्यांतून आणला. भोवती १९० मीटर रुंदीचा खंदक खणला. इतकं लांबलचक मंथन भारतात मी तरी कुठे पाहिलेलं नाही. ज्यांच्या पणजोबा-खापरपणजोबांनी हे केलं, त्यांच्यासमोर उभं राहून आपण ‘आपलंच’ म्हणतो आणि त्यांना झेंडा धरायला लावतो.

पश्चिमेच्या दारात आठ हातांची विष्णूची मोठी मूर्ती आहे. आमच्या ग्रुपमधल्या एकाने मे महिन्यात तिथे मोठ्याने म्हटलं होतं, ‘विष्णू आहे, आणि हे लोक भलत्याच नावाने पुजतात.’ ते नाव आहे ‘ता रीच’. जानेवारीत मी अर्थ विचारला. ‘रीच’ म्हणजे राजा. ‘ता’ म्हणजे आजोबा. आपण विठ्ठलाला बा जोडून विठोबा केलं, खंडोबा केलं, म्हसोबा केलं. त्यांनी विष्णूला आजोबा केलं, अंगावर केशरी वस्त्र पांघरलं, समोर उदबत्त्या लावल्या. बौद्ध आहेत, तरी रोज लावतात. एवढी एक गोष्ट सांगितली असती तर त्या गृहस्थाने हात जोडले असते. माणूस वाईट नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नाही.

अजून एक जागा सांगते, जिथे तुमच्या बस थांबत नाहीत. बाफुऑन. अकराव्या शतकातलं डोंगरासारखं देऊळ. ते ढासळत होतं म्हणून फ्रेंच तज्ज्ञांनी १९६० मध्ये ते दगड-दगड सुटं करून पुन्हा रचायला घेतलं. सुमारे तीन लाख दगड रानात मांडून ठेवले. कोणता दगड कुठला याच्या नोंदी केल्या. मग यादवी युद्ध पेटलं, काम थांबलं, १९७५ मध्ये ख्मेर रूज हे जहाल कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि त्या नोंदी नष्ट झाल्या. नव्वदच्या दशकात पुन्हा काम सुरू झालं तेव्हा रानात दगड होते, पण त्यांचा पत्ता कुणाला ठाऊक नव्हता. एकेक दगड दुसऱ्याला जुळवून बघत ते २०११ मध्ये पूर्ण केलं. हे सांगून झाल्यावर गाइड थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, माझे वडीलही शिक्षक होते. त्या चार वर्षांत शिकलेल्या माणसांना आधी उचलत. चष्मा असला तरी भीती वाटायची. वडिलांना घेऊन गेले तेव्हा तो नऊ-दहा वर्षांचा होता. पुढे त्याने काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. त्या पावणेचार वर्षांत त्या देशाने सतरा लाखांच्या आसपास माणसं गमावली असं मानतात. मी पाठ्यपुस्तकात एका ओळीत शिकवलेलं हे प्रकरण. आमच्यातली एक बाई पायरीवर बसून रडली.

आणि हे पाहा, आपला खरा अभिमान जिथे आहे तिथे तुम्ही तो सांगतच नाही. ख्मेर रूजला हटवून आलेल्या त्या देशाच्या सरकारला बहुतेक देश मान्यता द्यायला तयार नव्हते, तेव्हा भारताने १९८० मध्ये ती दिली. १९८६ ते १९९३ या काळात आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं अंगकोर वाटला जाऊन दुरुस्तीचं काम करत होती, देशात अजून गोळीबार चालू असताना. त्यांच्या दगड साफ करण्याच्या पद्धतीवर पुढे टीका झाली, तीही सांगा. २००३ नंतर ता प्रोमची दुरुस्तीही आपल्याच खात्याकडे आली. झाडाच्या मुळांनी कवटाळलेल्या ज्या दारापुढे तुम्ही सगळ्यांचे फोटो काढता, त्याच आवारात हे काम झालं आहे. आमच्या ग्रुपला हे कुणी सांगितलं नाही. आणि ता प्रोमच्या संस्कृत शिलालेखात सातव्या जयवर्म्याच्या राज्यातल्या १०२ आरोग्यशाळांचा उल्लेख आहे. त्याच राजाच्या दुसऱ्या लेखांत म्हटलं आहे की प्रजेच्या अंगाला झालेला रोग राजाच्या मनाला जास्त दुखतो. आठशे वर्षांपूर्वी लिहिलेलं. आम्हाला त्या ४० मिनिटांत कोणत्या झाडाखाली कोण कशी उभी राहिली, एवढंच लक्षात राहिलं.

आता मागणं काय ते सांगते.

अंगकोरचं एक दिवसाचं तिकीट ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२ डॉलर. फरक २५ डॉलरचा, म्हणजे दोन हजारांच्या थोडा वर. (प्रत्येक तिकिटातले दोन डॉलर कान्था बोफा या मुलांच्या इस्पितळाला जातात, हेही सांगा, आमच्या लोकांना आवडेल.) तीन दिवसांचं तिकीट दहा दिवसांत कोणत्याही तीन दिवशी चालतं, तेव्हा मध्ये एक दिवस विश्रांती देता येते. ज्येष्ठांच्या सहलींना याहून सोयीचं काय असेल? हॉटेलची एक-दोन रात्री वाढतील. त्यासाठी व्हिएतनाममधलं एक शहर गाळा. चालेल. सूर्योदयाच्या दिवशी नाश्ता डब्यात द्या आणि आम्हाला देवळातच राहू द्या. पूर्वेची भिंत सकाळी, पश्चिमेची महाभारत-रामायणाची भिंत दुपारी कलल्यावर. ऊन तसं पडतं.

गाइडला बोलू द्या. त्याचं इंग्रजी आमच्या लोकांना समजत नाही ही अडचण खरी आहे. मग त्याने दोन वाक्यं बोलावीत आणि मॅनेजरने तीच मराठीत सांगावीत, आपली न मिसळता. कीर्तनात बुवा आणि मागचे झिलकरी असतात तसं. मॅनेजर मुलं हुशार असतात, चार सहलींत तेही तयार होतील. ३८ माणसं एका माइकवर नका नेऊ. दोन गाइड घ्या.

बान्ते स्राय घाला. सिएम रीपपासून ३५ किलोमीटर, रस्ता चांगला. सन ९६७ मध्ये प्रतिष्ठा झालेलं शिवाचं छोटंसं देऊळ, गुलाबी दगडाचं, राजाने नव्हे तर यज्ञवराह नावाच्या विद्वान दरबाऱ्याने बांधलेलं. तिथे एका शिल्पात खांडववन जळतंय, वर ऐरावतावर इंद्र, आणि त्याने पाठवलेला पाऊस दगडात तिरप्या रेघांनी कोरलेला आहे. एका वीतभर जागेत अख्खा पाऊस. ‘तिथेही देऊळच आहे’ असं पुन्हा कुणाला सांगू नका.

बाकी बारीक गोष्टी. अंगकोर वाटच्या सगळ्यात वरच्या टप्प्यावर खांदे-गुडघे झाकलेले नसतील तर सोडत नाहीत, एका वेळी शंभरच माणसं सोडतात, आणि बौद्ध उपासनेच्या दिवशी तो बंद असतो. आमच्यातल्या चौघी बिनबाह्यांच्या कुर्त्यामुळे खालून परतल्या. हे निघण्याआधी एका मेसेजने सांगता आलं असतं. आणि मे महिन्यात तिथे ज्येष्ठांना नेऊ नका. शाळांना सुट्टी असते हे खरं, पण आम्हाला आता शाळा नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

सहलीआधी कुठल्याही सभागृहात दोन तासांची एक बैठक घ्या. व्हिसा आणि बॅगांचं वजन सांगायला तुम्ही घेताच. त्यातच एक तास त्या देशावर द्या. शिकवायला माणूस मिळत नसेल तर कराड, सातारा, सांगलीकडच्या बैठकांना मी येईन. मानधन नको.

मी परत आल्यावर वन्संना फोटो दाखवले. चिरलेल्या माशांच्या फोटोवर त्या बराच वेळ थांबल्या. म्हणाल्या, ‘वहिनी, मी याच भिंतीपुढे उभी होते ना? मला हे दिसलंच नाही. मला ती भिंत बसून बघायचीय. पण मला हाताला धरून नेणारं कुणीतरी हवं.’ हाताला धरून नेणं तुम्हाला येतं, ते मी पाहिलं आहे. आमच्याकडे वन्संसकट चौदा जणांची यादी तयार आहे, सगळ्यांचे पासपोर्ट चालू आहेत. तुमच्यापैकी कुणी सिएम रीपच्या चार रात्री आणि अंगकोरचे तीन दिवस असलेली सहल आखलीत, तर जानेवारीची तारीख जाहीर करा. नोंदणीला आम्ही पहिल्या दिवशी येऊ.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कराड